राजमा विकण्याआधी घरी शिजवून पाहा

आमचा धंदा कापडाचा. यवतमाळ जिल्ह्यात ठोक आणि किरकोळ कापड विकण्यात आमची तीस वर्षे गेली. तेव्हा कापडवाल्याने कडधान्यावर का लिहावे, असा प्रश्न वाचक बंधूंच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, नवा माल आला म्हणजे कापडवाला आधी हातभर तुकडा फाडून रात्री पाण्यात टाकतो. सकाळी पाहतो, किती आटला, रंग कच्चा निघाला काय, खळ धुऊन गेल्यावर मागे नुसती जाळी तर उरली नाही ना. मगच तागा फळीवर चढतो. किराण्यात ही चाल नाही. तिथे नवे कडधान्य आले की पोते फोडले, दाणे हातात खुळखुळवले, भाव ठरवला आणि तराजू सुरू. ते शिजते कसे, किती वेळात आणि कोणत्या पाण्यात, हे दुकानदाराला ठाऊक नसते आणि गिऱ्हाइकालाही नसते. तुरीच्या डाळीत हे चालून जाते, कारण ती शिजवायला इथे कोणाला शिकवावे लागत नाही. राजम्यात चालत नाही. हा लेख राजम्याविषयी आहे.

आपल्या जिल्ह्याचे दस्तरखान पिढ्यान् पिढ्या तूर, हरभरा, मूग, उडीद, बरबटी आणि वाल यांवर चालले. राजमा इथला नव्हे. मुळात तो हिंदुस्थानचाही नव्हे. अमेरिका खंडातून युरोपीय व्यापाऱ्यांच्या हाती तो जगभर फिरला आणि आपल्याकडे जम्मू, हिमाचल, उत्तराखंडच्या डोंगरात रुजला. आज नागपूर-तुळजापूर रस्त्यावरच्या ढाब्यांवर राजमा-चावल मिळतो, लग्नाच्या मंडपात शाकाहारी मंडळींच्या टेबलावर राजम्याचे पातेले असते, आणि दिग्रस, दारव्हा, आर्णी, पुसद, उमरखेडच्या किराणा दुकानांत त्याचे पोते तुरीच्या शेजारी उभे असते. माल कधी जम्मूचा सांगतात, कधी परदेशातून आलेला असतो. मराठवाड्यातही अलीकडच्या वर्षांत रब्बीत राजमा घेणारे शेतकरी दिसू लागले आहेत. म्हणजे हा माल आता जाणार नाही, वाढणारच आहे.

महाराष्ट्राचा स्वतःचा राजमाही आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यात, विशेषतः त्याच्या उत्तरेकडील कमी पावसाच्या गावांत, खरिपात घेवडा पिकतो. दाण्यावर लालसर रेघा असतात म्हणून त्याला वाघ्या घेवडा म्हणतात. २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. हा घेवडा आणि बाजारातला लाल राजमा ही एकाच जातीची भावंडे आहेत. नावांचा घोळ मात्र सांभाळावा. काही भागांत वालाच्या शेंगांनाही घेवडा म्हणतात आणि तो वेगळाच वेल आहे. आपल्याकडे हिवाळ्यात पोपटाच्या शेंगा येतात त्याही वालाच्याच कुळातल्या. तेव्हा ठोक व्यापाऱ्याकडे नुसते 'घेवडा' असे नाव लिहून मागणी पाठवू नये. नमुना पाहावा.

आता आम्ही या फंदात का पडलो ते सांगतो.

काही काळापूर्वी जिल्ह्यातील एका गावी ओळखीच्या घरी लग्न होते. मोठी दावत होती. मटणाची व्यवस्था एका बाजूला, आणि हिंदू स्नेही व शेजारी यांच्यासाठी दुसऱ्या बाजूला शाकाहारी पंगत. त्या पंगतीत भात, वरण, एक भाजी आणि राजमा होता. जेवण उरकून दोन तास झाले नसतील तोच उलट्या सुरू झाल्या. मुले, बाया, वडीलधारे, बरेच जण. रात्री सरकारी दवाखान्यापर्यंत धावपळ झाली. अल्लाहची मेहेरबानी की सकाळपर्यंत सर्व जण सावरले.

दावतीत माणसे आजारी पडली की बोट कुठे जाते हे सांगायला नको. मटण शिळे होते, असे रात्रीच ठरून गेले. मटण पुरवणाऱ्या कुरेशी भाईंचे पैसे अडकले आणि त्यानंतरच्या दोन लग्नांची कामे त्यांच्या हातून गेली. त्यांनी शपथा घेतल्या, जनावर त्याच पहाटेचे होते म्हणून सांगितले. कोण ऐकतो?

आम्ही त्या दावतीत होतो आणि आम्हाला काही झाले नव्हते. आम्ही मटण पोटभर खाल्ले होते, राजमा घेतला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्यांना सहज विचारत गेलो, तुम्ही काय खाल्ले होते? आमच्या शेजारचे सोनारकाका शुद्ध शाकाहारी, मटणाच्या मंडपाकडे फिरकलेही नव्हते, त्यांना रात्रभर त्रास झाला. त्यांच्या सूनबाईंनाही झाला. उलट मटण खाऊन राजम्याला हात न लावलेल्यांपैकी कोणी आजारी पडल्याचे आमच्या कानावर आले नाही. ज्यांनी दोन्ही खाल्ले त्यांचे हाल झाले. वही-खाते ठेवणाऱ्या माणसाला एवढा हिशेब पुरे असतो. आम्ही बावर्चीला गाठले. माणूस आपल्या कामात वाकबगार आहे, त्याच्या हातचा खिचडा आम्ही आवडीने खातो. राजमा मात्र त्याने पहिल्यांदाच देगीत टाकला होता. त्याने सांगितले, दोनेक तास भिजवला, मसाला आणि टोमॅटो एकदमच टाकले, एक उकळी आल्यासारखी वाटली तशी आच कमी केली आणि निखाऱ्यावर दम देऊन ठेवला, जसा खिचड्याला देतात. वाढताना दाणा वरून मऊ होता, आत थोडा कोर होता. लोकांनी रश्शाबरोबर खाऊन घेतला.

अन्न तपासायला कोणी प्रयोगशाळेत पाठवले नव्हते, त्यामुळे शिक्क्यानिशी पुरावा आमच्याकडे नाही. परंतु राजम्याविषयी जे शास्त्र सांगते ते या हकिकतीशी दाण्याला दाणा जुळते, म्हणून ते इथे मांडतो.

कच्च्या राजम्यात निसर्गतःच एक विषारी प्रथिन असते. तांबड्या रक्तपेशींना एकमेकींना चिकटवण्याचा त्याचा गुण आहे. त्याचे शास्त्रीय नाव फायटोहिमॅग्लुटिनिन. लाल राजम्यात ते सर्वांत जास्त, पांढऱ्या राजम्यात त्याच्या सुमारे एक तृतीयांश. मोजण्याचे जे माप आहे त्याप्रमाणे कच्च्या लाल राजम्यात वीस हजार ते सत्तर हजार आणि पूर्ण शिजलेल्यात दोनशे ते चारशे. एवढा फरक केवळ उकळण्याने पडतो. कच्चे किंवा अर्धवट शिजलेले चार-पाच दाणेही त्रास द्यायला पुरतात. खाल्ल्यापासून एक ते तीन तासांत मळमळ आणि जोराच्या उलट्या, मागोमाग जुलाब, आणि बहुधा तीन-चार तासांत उतार. शिळ्या मटणाची बाधाही वाईटच असते, पण तिचे वेळापत्रक सहसा इतके नेमके नसते. इंग्लंडात १९७६ मध्ये शाळकरी मुलांच्या एका गटाने नुसता भिजवलेला राजमा खाल्ला आणि सगळी आजारी पडली. १९७६ ते १९८९ या काळात तिथे अशा संशयित पन्नास घटनांची नोंद झाली.

आमच्या बावर्ची बंधूंनी पुढची गोष्ट ध्यानात ठेवावी. हे विष खळखळ उकळीने मरते, मंद आचेने मरत नाही. उकळीच्या खाली, म्हणजे सुमारे ८० अंशांवर, राजमा तासन् तास ठेवला तर त्याचा जोर कमी होण्याऐवजी वाढू शकतो, कच्च्यापेक्षा पाचपटीपर्यंत, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोंदवले आहे. तिकडे विजेच्या मंद भांड्यात शिजवण्याची पद्धत आहे, त्यातून हे लक्षात आले. आपल्या देगीचा दम म्हणजे काय? तीच मंद आच. हलीम, खिचडा, पाया यांची सगळी लज्जत या दमात आहे. रात्रभर निखाऱ्यावर ठेवलेला पदार्थ चांगलाच शिजणार, हा आमच्या बावर्चीखान्याचा पिढीजात भरवसा. गहू, हरभऱ्याची डाळ आणि गोश्त यांच्या बाबतीत तो खरा आहे. राजम्याच्या बाबतीत तोच भरवसा घात करतो. राजम्याला दम द्यायचा तो उकळून मेण झाल्यावर, त्याआधी नाही.

ही माहिती जुळवत असतानाच इचलकरंजीच्या आमच्या एका व्यापारी स्नेह्याने मालाच्या गाठींबरोबर पाच किलो वाघ्या घेवडा बांधून पाठवला. त्यांचे सासर कोरेगावकडचे. आमच्या घरात हा दाणा कोणी पाहिला नव्हता. खालाजान म्हणाल्या, ही तर रंगवलेली बरबटी दिसते. कामाला येणाऱ्या मावशींनी विचारले, "हे काय व्हय भाऊ, खायाचं का पेरायचं?" बरबटी न भिजवताही कुकरला लागते, तशीच ही लावू, असा घरच्यांचा विचार होता. आम्ही म्हटले, थांबा. आधी तुकडा पाण्यात टाकून पाहू.

तीन पातेली घेतली. पहिल्यात पाव किलो वाघ्या घेवडा आणि नळाचे, म्हणजे निळोण्याच्या धरणाचे पाणी. दुसऱ्यात तेवढाच घेवडा आणि अंगणातल्या बोअरचे पाणी. तिसऱ्यात बाजारातून आणलेला लाल राजमा आणि पुन्हा नळाचे पाणी. इशाच्या नमाजनंतर भिजत घातले, सकाळी आठला पाहिले. घेवडा फुगून जवळजवळ दुप्पट झाला होता. बाजारच्या राजम्यात काही दाणे फुगलेले आणि काही जसेच्या तसे खडे. भिजवलेले पाणी तिन्हींतून ओतून टाकले, कारण विषाचा काही भाग आणि पोटात वारा धरणारी साखर त्या पाण्यात उतरते. खालाजानना हे पटले नाही. सत्त्व जाते म्हणाल्या. थोडे जात असेल, पण उरते त्यावर माणूस पोसतो. ताजे पाणी घालून तिन्ही पातेली मोठ्या आचेवर चढवली आणि घड्याळ लावून अर्धा तास खळखळ उकळू दिली. त्यानंतर झाकण ठेवून मध्यम आच.

पहिले पातेले उकळी धरल्यापासून सव्वा तासात तयार झाले. दाणा दोन बोटांत दाबला की लोण्यासारखा, आत कोर नाही, साल मात्र शाबूत. दुसरे, बोअरच्या पाण्याचे, दोन तासांनंतरही दाताला लागत होते. तेच बी, तीच आच, तेवढाच वेळ. तिसऱ्यात निम्म्याहून अधिक दाणे शिजून फुटले आणि बाकीचे गांगडू राहिले. त्यांना आणखी तासभर दिला तरी ते गांगडूच.

बोअरच्या पाण्याची गोष्ट आपल्या जिल्ह्यात प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. अमुक विहिरीवर डाळ शिजते, तमुक विहिरीवर शिजत नाही, असे गावोगाव बोलले जाते आणि ते खरे आहे. काळ्या दगडाच्या थरांतून येणाऱ्या जड पाण्यात चुनखडीचे क्षार असतात. दाण्याच्या पेशींना जो नैसर्गिक डिंक एकत्र धरून ठेवतो त्याला हे क्षार घट्ट करतात आणि दाणा मऊ होईना. तुरीची डाळ पातळ आणि सोललेली म्हणून कशीबशी निभावते. राजम्याचा दाणा जाड, साल जाड. म्हणून राजम्यासाठी नळाचे किंवा गाळणी यंत्राचे हलके पाणी वापरावे. साधन नसेल तर भिजवताना पाण्यात चमचाभर मीठ टाकावे, साल नरम पडते. खायचा सोडा चिमूटभर चालतो, पण त्याने जीवनसत्त्व नासते आणि जास्त झाला तर साबणाची चव येते, हेही खरे.

टोमॅटो, चिंच, आमचूर यांचेही तसेच. आंबट पडले की दाणा जिथल्या तिथे थांबतो. गुळानेही शिजणे लांबते. आमच्या बावर्चीने टोमॅटो आरंभीच टाकले होते, हे वाचकांना आठवत असेल. एरवी या घाईची शिक्षा एवढीच की भाजी कचकचीत होते. राजम्यात ती शिक्षा दवाखान्यापर्यंत जाते. आंबट वस्तू दाणा पूर्ण मऊ झाल्यावरच टाकाव्यात.

तिसऱ्या पातेल्याचे दुखणे मात्र पाण्याचे नव्हते. ते मालाच्या वयाचे होते, आणि इथे विषय पुन्हा दुकानदाराच्या फळीवर येतो. कडधान्य उष्ण आणि दमट जागी पडून राहिले की दाणा आतून कठीण होत जातो. मग त्याला कितीही भिजवा, कितीही उकळा, तो पुरता मऊ होत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि गोदामावर टिनाचे छप्पर असते. उन्हाळा आणि मग पावसाळा अशा दोन्हींतून गेलेले पोते पुढच्या हिवाळ्यात नव्याच्या भावात विकायला ठेवणे म्हणजे गिऱ्हाइकाच्या गॅसवर आपला तोटा भरून काढणे होय. त्याहून वाईट म्हणजे जुना आणि नवा माल मिसळणे. नुसता जुना असेल तर बाई जास्त वेळ तरी शिजवते. मिसळलेल्यात नवे दाणे फुटून रस्सा दाट झाला की ती भाजी उतरवते, आणि जुने दाणे आत तसेच कच्चे राहतात.

जुना दाणा ओळखणे कठीण नाही. रंग काळसर पडतो, तकाकी जाते, सालीवर सुरकुत्या येतात. तकाकी आणण्यासाठी काही ठिकाणी कडधान्याला तेलाचा हात फिरवतात. त्यावर आमचा कापडवाल्याचा उपाय आहे: मूठभर दाणे कोऱ्या पांढऱ्या मांजरपाटाच्या तुकड्यात घालून जोराने चोळावेत. तेल असेल तर डाग बोलतो. पोते घेताना फक्त तोंडाशी असलेले दाणे पाहू नयेत, लोखंडी नळी टोचून मधले आणि तळाचे दाणे काढावेत. तिन्हींतले थोडे थोडे रात्री भिजवावेत. सकाळी जे फुगले नाहीत ते मोजावेत. दहातला एक न फुगला तर भाव पाडून मागावा, दोन-तीन न फुगले तर पोते परत करावे. खरिपाचा नवा माल दिवाळीच्या आगेमागे बाजारात येऊ लागतो, तेव्हा वर्षाची खरेदी त्या सुमारास करावी आणि पावसाळ्यापूर्वी संपेल एवढीच करावी. स्वस्त मिळाला म्हणून उन्हाळ्यात पोती रचणाऱ्याला आम्ही शहाणा म्हणणार नाही.

या जिल्ह्याने एक मोठे नवे कडधान्य आमच्या डोळ्यांदेखत येताना पाहिले आहे, ते सोयाबीन. १९८० नंतरच्या काळात ते मध्य प्रदेशाकडून विदर्भात पसरले आणि कापसाच्या बरोबरीने शेते व्यापून बसले. त्यात प्रथिने सुमारे ४० टक्के, तेल सुमारे २० टक्के. गरिबांचे गोश्त म्हणून त्याची जाहिरात झाली. गावोगाव बायांनी ते हौसेने भिजवले, उसळ केली, डाळ करून पाहिली, आणि उग्र वासाने नाक मुरडले. पोटात जड गेले ते वेगळेच. सोयाबीन थंड पाण्यात भिजवून वाटले की वास सुटतो, तेच उकळत्या पाण्यात टाकले तर वास पुष्कळ दबतो, आणि नीट शिजवले की पचन अडवणारे द्रव्यही मरते. एवढे दोन धडे कोणी बियाण्याच्या पिशवीबरोबर दिले असते तर काय झाले असते कोण जाणे. आज शेतात सोयाबीन आहे, गाडीत सोयाबीन आहे, तेलाच्या कारखान्यात आहे, पण आपल्या पातेल्यात दाणा म्हणून नाही. किराणा दुकानात ते पुन्हा येते ते वडीच्या रूपात, कारखान्यातून शिजून-वाळून, आणि त्या वडीचा नफा कारखानदाराचा. आमच्या मते राजम्याचे असे होऊ द्यायचे नसेल तर शिकवण्याचे काम दुकानदाराने करावे. सरकार करील, कृषी खाते करील, अशी वाट पाहून धंदा होत नसतो.

पूर्व विदर्भातली लाखोळीची डाळही सर्वांना माहीत आहे. तिच्यातल्या विषाने पाय लुळे पडतात म्हणून तिच्या विक्रीवर १९६१ पासून बंदी आली आणि त्यावर पुढे वर्षानुवर्षे वाद चालला. जुनी माणसे ती डाळ भिजवून, पाणी फेकून मगच शिजवत. राजम्याचे नशीब चांगले की त्याचे विष अर्ध्या तासाच्या उकळीत मरते आणि त्यासाठी कायदा करावा लागत नाही.

आता खानावळवाले आणि लग्नाची कामे घेणारे यांच्यासाठी हिशेब. एक किलो कोरडा, नवा राजमा शिजून सव्वादोन ते अडीच किलो भरतो. पंगतीत भात आणि आणखी एक भाजी असेल तर किलोमागे पंधरा पाने निघतात. दोनशे पानांना चौदा किलो धरावा. रात्री भिजवण्यासाठी तिप्पट पाणी मावेल असे भांडे हवे, नाहीतर वरचे दाणे पाण्याबाहेर येऊन कोरडे राहतात. मोठ्या देगीत तळ उकळतो आणि वरचा थर नुसता कोमट असतो, म्हणून ढवळत राहावे आणि अर्धा तास मोजायचा तो संपूर्ण देग खळखळू लागल्यापासून. कुकर असेल तर भिजवलेले पाणी टाकून, उघड्या भांड्यात दहा मिनिटे उकळून मग कुकरला लावावा. शिट्ट्या मोजू नयेत, प्रत्येक कुकरची शिट्टी निराळी. मिनिटे मोजावीत आणि शेवटी पाच दाणे वेगवेगळ्या जागचे काढून चावून नव्हे, बोटांनी दाबून पाहावेत. पाचही दबले पाहिजेत.

चवीबद्दल विचाराल तर आमच्या घरी वाघ्या घेवडा पास झाला. भाजलेला कांदा, सुके खोबरे, लसूण, धणे यांचे वाटण आणि शेवटी एक टोमॅटो. रस्सा आपोआप दाट येतो, बेसन लावावे लागत नाही. दुसऱ्या खेपेला शिजलेला घेवडा मटणात टाकून वर दहा मिनिटे दम दिला. खालाजाननी वाटी पुढे केली, त्याअर्थी बरबटीचा वाद मिटला असे आम्ही समजलो.

ते लग्नघर आणि ते कुरेशी भाई यांच्यात आम्ही मध्यस्थी केली. घरमालकांना आमच्या स्वयंपाकघरात बोलावून दोन्ही पातेली दाखवली, नळाच्या पाण्याचे आणि बोअरच्या पाण्याचे, आणि सोनारकाकांनाही साक्षीला बसवले. अडलेले पैसे त्यांनी चुकते केले. गेलेली दोन लग्ने मात्र परत आली नाहीत.

उरलेल्या घेवड्यातला किलोभर आम्ही आमच्या रस्त्यावरच्या किराणावाल्या दोस्तांना दिला आणि सोबत एक चिठ्ठी लिहून दिली. त्यांनी ती मराठी, हिंदी आणि उर्दूत छापून घेतली आहे आणि पाव किलोच्या पुड्यांत टाकतात. मजकूर वाचकांना उपयोगी पडेल म्हणून देतो: "राजमा रात्रभर भिजवा. ते पाणी फेकून द्या. नव्या पाण्यात अर्धा तास खळखळ उकळा, मग मऊ होईपर्यंत शिजवा. टोमॅटो-चिंच शेवटी. दाणा आत कडक असेल तर खाऊ नका, मुलांना देऊ नका. न शिजल्यास पुडा परत आणा, पैसे परत मिळतील." शेवटचे वाक्य घालायला ते आधी तयार नव्हते. आता म्हणतात, त्या वाक्यामुळेच ठोक व्यापाऱ्याशी मालाच्या वयावरून भांडायला जोर येतो.